सोनेरी हातमोजे

आमच्या घरात मुहम्मद अलींचं नाव एखाद्या वडीलधाऱ्यासारखं घेतलं जाई. ते ज्या ‘गोल्डन ग्लोव्हज’ स्पर्धेत घडले, तिची गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. ही स्पर्धा काढली ती एका वर्तमानपत्रानं! १९२३ साली ‘शिकागो ट्रिब्यून’नं हौशी मुष्टियोद्ध्यांना बोलावलं, तेव्हा इलिनॉय राज्यात मुष्टियुद्धाला कायद्याची मान्यताही नव्हती. ती १९२६ साली मिळाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’नं आपली स्पर्धा सुरू केली आणि १९२८पासून दोन्ही शहरांचे विजेते एकमेकांशी भिडू लागले. (अंकांचा खप वाढवण्याचा हिशेबही त्यात असणारच!)

ज्या देशात काळ्यांना पदोपदी वेगळं बसवलं जाई, तिथं या रिंगणात गोरा आणि काळा समोरासमोर उभे राहत. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात राबलेला जो लुई १९३४ साली इथंच जिंकला; १९३७ साली जगज्जेता झाला.

१९५८ साली लुइव्हिलचा सोळा वर्षांचा कॅशियस क्ले शिकागोला आला आणि केंट ग्रीनकडून हरला. १९५९ आणि १९६० साली तो पुन्हा आला, दोन्ही वेळा जिंकला. मग रोमचं ऑलिंपिक सुवर्णपदक. मुहम्मद अली हे नाव १९६४ सालचं.

मला मात्र राहून राहून वाटतं, हरून घरी परतताना वाटेत तो पोरगा कुणाशी काय बोलला असेल?