पाण्याखालचा कानोसा : मत्स्यशोधक यंत्र आणि नाथसागरावरील होडी

या शहरातील घरोघरी नळाला येणारे पाणी बहुतांशी पैठणच्या नाथसागराचे असते. ते किती दिवसांआड येते, एवढ्यापुरताच आपण त्या पाण्याचा विचार करतो. परंतु त्याच पाण्यावर होडी घालून पोट भरणारी माणसे आहेत, आणि पाण्याच्या पोटात काय आहे हा त्यांचा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. आमच्या कचेरीत येणाऱ्या काही तरुण मच्छीमारांनी आम्हाला तीन गोष्टी विचारल्या : मासे दाखविणारे यंत्र घ्यावे काय, घ्यावे तर कोणते, आणि लहानशा होडीला ते बांधावे कसे? आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. म्हणून उत्तर देण्याआधी आम्ही या यंत्राचे कूळ शोधू लागलो. ते कूळ सांगितल्यावाचून उत्तर नीट समजणार नाही.

गंमत अशी की, या इतिहासाचा आरंभही दोन होड्यांतच झाला. 1826 साली जिनिव्हाच्या सरोवरावर कोलादों या शास्त्रज्ञाने एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवविली, त्याच क्षणी दारू पेटविली, आणि काही कोस दूर असलेल्या दुसऱ्या होडीत पाण्यात कर्णा घालून तो स्वतः बसला. उजेड दिसल्यापासून नाद ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून त्याने पाण्यातील ध्वनीचा वेग ठरविला. तो सेकंदाला सुमारे 1,435 मीटर भरला. म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक. वेग कळला की अंतर कळते. तळाकडे आवाज सोडावा, प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजावा आणि त्याच्या निम्म्यावरून खोली काढावी, एवढाच या विद्येचा गाभा आहे.

ही विद्या व्यवहारात आली ती मात्र मरणाच्या भयाने. 1912 साली ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाले. त्यानंतर जर्मनीत बेम यांनी प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1914 साली अमेरिकेत फेसेंडेन यांनी हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी टिपला. पुढे महायुद्ध आले. पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये लांजव्हँ यांनी गारेच्या स्फटिकाला विजेने कंपित करून कानाला ऐकू न येणारा सूक्ष्म नाद पाण्यात सोडला. स्फटिक दाबला असता वीज निर्माण होते, हा शोध क्यूरी बंधूंनी 1880 सालीच लावला होता.

माशाकडे लक्ष वळले ते यानंतर. 1929 साली जपानात किमुरा यांनी ध्वनीच्या साहाय्याने मासे ओळखण्याचे प्रयोग केले, आणि 1935 साली नॉर्वेच्या सुंद यांनी कॉड माशांच्या थव्याचे कागदावर उमटलेले चित्र प्रसिद्ध केले. 1948 साली जपानातील नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना प्रत्यक्ष वापरता येईल असे यंत्र तयार केले. तरीही ते मोठ्या नौकेचेच धन राहिले. लहान होडीला ते मिळाले 1959 साली. अमेरिकेत लॉरन्स यांच्या कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारी, हातात धरून नेता येणारी हिरवी पेटी त्या वर्षी बाजारात आणली. आज दुकानात मिळणारी सर्व सुटसुटीत यंत्रे त्या पेटीचीच नातवंडे होत.

आता आपल्या पाण्याकडे वळू. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. जलाशय पूर्ण भरला म्हणजे सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो, आणि त्यात सुमारे 2,900 दशलक्ष घनमीटर पाणी मावते. भागाकार केला असता सरासरी खोली आठ मीटरांच्या थोडी वर येते. म्हणजे हा सागर पसरट आहे, खोल नाही. समुद्रासाठी केलेले, शेकडो मीटर खोल पाहणारे महाग यंत्र येथे घेणे म्हणजे विहिरीवरच्या पोहऱ्याला जहाजाचा दोर बांधणे होय.

येथे सेकंदाला दोन लक्ष कंपनांचे साधे यंत्र पुरते. मात्र त्याच्या ध्वनीचा झोत किती रुंद आहे ते विचारून घ्यावे. झोत वीस अंशांचा असेल तर आठ मीटर खोलीवर तो जेमतेम पावणेतीन मीटर रुंदीची जागा पाहतो. साठ अंशांचा असेल तर नऊ मीटरांहून अधिक. रुंद झोत अधिक पाहतो, पण अस्पष्ट पाहतो. पडदा भर उन्हात वाचता येतो की नाही, हे दुकानाबाहेर नेऊन पाहावे. पडद्यावर माशांची तयार चित्रे दाखविण्याची सोय असते, ती बंद ठेवावी. कारण बुडालेल्या बाभळीची फांदीसुद्धा तीत मासा म्हणून मिरवते. मुळात प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून. शिवाय कटला पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. होडीखालच्या वरच्या थरात यंत्र आंधळे असते. तेव्हा कटल्यासाठी अनुभवी डोळ्यावरच भिस्त ठेवावी लागेल.

बांधणीविषयी थोडक्यात सांगतो. ध्वनी सोडणारा खडा पाण्यातच असला पाहिजे. लाकूड आणि थर्मोकोल यांतून ध्वनी नीट जात नाही, म्हणून तो आतून चिकटवू नये. होडीला भोकही पाडू नये. बाजूच्या काठाला शिकंजा आवळून त्यात एक दांडी उभी धरावी आणि तिच्या टोकाला खडा वीतभर पाण्याखाली, तोंड सरळ तळाकडे करून बसवावा. वल्ह्याचे बुडबुडे त्याखाली येता कामा नयेत, कारण बुडबुडा म्हणजे हवा आणि हवा म्हणजे खोटा मासा. उथळात आदळल्यास दांडी वर उचलता यावी. बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची बंद बॅटरी झाकणाच्या डब्यात, होडीच्या मध्यावर, तळाशी बांधावी आणि तारेत फ्यूज घालावा. पाव अँपिअर घेणारे यंत्र हिशेबाने अठ्ठावीस तास चालते. व्यवहारात निम्मेच धरावे.

यंत्राचा खरा उपयोग मासा दाखविण्यात नसून तळ दाखविण्यात आहे. या पाण्याखाली गोदावरीचे जुने पात्र आहे, विहिरी आहेत, पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतील गावांच्या जमिनी आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मासा खोल पात्राकडे उतरतो, आणि जाळे अडकून फाटते ते बुडालेल्या झाडांत व भिंतींत. म्हाताऱ्या मच्छीमारांना या जागा तोंडपाठ असतात. त्यांना बरोबर घेऊन यंत्राने खोली मोजली तर ते ज्ञान कागदावर उतरेल.

येथे आम्हाला मुंबईच्या गिरण्यांची आठवण होते. 1928 साली विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत असा आग्रह मालकांनी धरला, आणि त्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात तो एक मोठा वादविषय होता. कामगारांचे भांडण मागाशी नव्हते. वाचलेली मजुरी कोणाच्या खिशात जाणार, याविषयी होते. नाथसागरावरही प्रश्न तोच आहे. ज्याच्याजवळ पैसा त्याने यंत्र घेतले, जुन्या पात्रातील मासा त्यानेच उपसला आणि बाकीच्या होड्या रिकाम्या परतल्या, तर यंत्राने माणसाला माणसापासून तोडले असे होईल. पिल्लेही जाळ्यात आली तर पुढच्या वर्षी यंत्राला दाखवायला मासाच उरणार नाही.

म्हणून त्या तरुणांना आमचे उत्तर असे आहे : यंत्र अवश्य घ्यावे, पण ते मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावाने घ्यावे. एक-दोन यंत्रे पाळीपाळीने वापरावीत, मोजलेल्या खोलीची वही संस्थेत सर्वांसाठी उघडी ठेवावी, आणि जाळ्याच्या आसाचे माप व विणीच्या महिन्यांतील बंदी सभेत ठराव करून पाळावी. आपण शहरवासीयांनीही, बाजारात वीतभर रोहू स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये. ज्यांच्या बुडालेल्या शेतांवर साठलेले पाणी आपण पितो, त्यांचे आपल्यावर एवढे देणे आहे.