मातृ-मानसिक आरोग्य, मधुमेह व ड जीवनसत्त्व

परिचर्या-संशोधनातील एक अभ्यासक्षेत्र. गरोदरपणात व बाळंतपणानंतर येणारे नैराश्य, रक्तशर्करेचे विकार आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यात तपासला जातो. अमेरिकेतील शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातील परिचर्या-संशोधक सू पेन्कोफर व मेरी बर्न यांनी या विषयावर काम केले आहे. भारतात मैसूर व गोवा येथील अभ्यास महत्त्वाचे ठरतात.

शरीरातील प्रक्रिया : ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते, यकृत व मूत्रपिंडात त्याला क्रियाशील रूप मिळते. त्याचे ग्राही घटक स्वादुपिंडात व मेंदूतही आढळतात. मधुमेह आणि नैराश्य या दोहोंशी त्याचा संबंध असावा, ही कल्पना त्यावरून पुढे आली.

गोळीचा प्रभाव : पेन्कोफर व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेह व नैराश्याची लक्षणे असलेल्या ५० स्त्रियांना सहा महिने आठवड्याला ५०,००० एकक ड जीवनसत्त्व दिले. नैराश्याचा सरासरी गुणांक २६.८ वरून १२.२ वर आला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे अमेरिकेत पन्नाशीच्या वरच्या १८,३५३ स्त्री-पुरुषांवर झालेल्या चाचणीत (२०२०) रोज २,००० एकक घेऊनही नैराश्य टळल्याचे दिसले नाही. त्यामुळे कमतरता असल्यास ती भरून काढणे योग्य, पण ड जीवनसत्त्व हे नैराश्यावरचे औषध मानता येत नाही.

भारतीय अभ्यास : मैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात ५५९ गरोदर स्त्रियांच्या रक्ताची तिसाव्या आठवड्यात तपासणी झाली. ६६ टक्के स्त्रियांत ड जीवनसत्त्व लिटरमागे ५० नॅनोमोलपेक्षा कमी होते. तरी गर्भकालीन मधुमेहाशी त्याचा संबंध आढळला नाही (२००९). गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य दिसले (२००२). गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची ठळक कारणे होती. अशा मातांच्या बाळांची वाढही मागे पडत असल्याचे पुढे आढळले. गोव्यातच नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रियांवरील चाचणीत ‘सखी’ म्हणून तयार केलेल्या स्थानिक स्त्रियांनी घरी जाऊन बोलण्याचा उपाय केला. सहा महिन्यांनी नैराश्यातून सावरलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवेतील ६० टक्क्यांच्या तुलनेत ७३ टक्के होते (२०१९).

गुंद परिसरातील संदर्भ : गुंद हे उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील, गोव्याच्या सीमेजवळच्या जंगलपट्ट्यातील गाव. अशा विरळ वस्तीत विशेषज्ञापेक्षा नर्सबाई व आशा कार्यकर्तीच बाईच्या अधिक जवळच्या. गरोदरपणातील मधुमेहाच्या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तास थांबवतात आणि मग रक्त तपासतात. साखर डेसिलिटरमागे १४० मिलिग्रॅम किंवा जास्त भरली, तर गर्भकालीन मधुमेह ठरतो. या दोन तासांत बाई बाकावर बसून असते, आणि बोलायला तेवढा वेळ पुरेसा असतो. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीच्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. गोव्याच्या अभ्यासात ती कोकणीतून वापरली गेली. नैराश्य हा शब्द बायकांच्या तोंडी फारसा नसतो. ‘झोप लागत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असे त्या सांगतात. थकवा मधुमेहात आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही येत असल्याने खरे कारण सहज निसटते.

बाळंतिणीला सव्वा महिना घरात ठेवण्याच्या रीतीमुळे ऊन आणि माणसे दोन्ही कमी होतात. गोव्याच्या अभ्यासातील सहा ते आठ आठवड्यांची भेट हा काळ संपल्यावर लगेच येते. गर्भकालीन मधुमेह झालेल्या स्त्रीची साखरही बाळंतपणानंतर साधारण सहाव्या आठवड्यात पुन्हा तपासायची असते. त्यामुळे बाळाच्या लसीसाठी आलेल्या आईची रक्तशर्करा आणि मनःस्थिती नर्सबाईला एकाच खेपेत पाहता येते.