सोर नगरी व तिचें पुन्हां उभारलेलें मंदिर

कनानी स्त्रीचें शुभवर्तमान मिस्सेंत वाचलें जातें, तेव्हां सोर व सीदोन हीं नांवें आपल्या कानांवर पडतात. मुलीसाठीं प्रभूची विनवणी करणारी ती बाई सर्वांच्या ध्यानांत राहते. तिचा प्रांत कसा होता, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. आपल्या मंदिराच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत सोर नगरीचीच हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें, त्यास एक कारण आहे. तें पुढें ओघानें येईल.

लेबानोनच्या किनाऱ्यापासून सुमारें अर्ध्या मैलावर, समुद्रांतील एका खडकाळ बेटावर ही नगरी वसली होती. तेथील लोक फिनिशियन, हाडाचे दर्यावर्दी. एका जातीच्या शंखांतील प्राण्यापासून ते जांभळा रंग काढीत. हजारों शंख फोडावे, तेव्हां कोठें चिमूटभर रंग हातीं येई. म्हणून तें वस्त्र राजेरजवाड्यांनाच परवडे. यरुशलेमच्या मंदिरासाठीं शलमोनाला गंधसरूचीं लाकडें पुरविणारा हिराम हा येथलाच राजा. आफ्रिकेंतील कार्थेज शहरही येथल्याच लोकांनीं वसविलें. या वैभवाचा गर्व यहेज्केल संदेष्ट्याला सहन झाला नाहीं, हें पवित्र शास्त्राच्या वाचकांस ठाऊक आहे.

इ. स. पूर्वी 332 सालीं शिकंदर बादशहानें सोरला वेढा घातला. बेटाला पायवाट नाहीं, म्हणून किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचे दगड उपसून त्यानें समुद्रांत भराव टाकला. 7 महिन्यांनीं नगरी पडली. सुमारें 30,000 माणसें गुलाम म्हणून विकलीं गेलीं, असें प्राचीन इतिहासकार लिहितात. पुढें इ. स. पूर्वी 64 सालीं ती रोमच्या छत्राखालीं आली.

संत पौल यरुशलेमला जात असतां त्यांचें गलबत माल उतरविण्यासाठीं येथें लागलें. ते 7 दिवस येथील शिष्यांजवळ राहिले. निघतांना सर्व मंडळी बायकामुलांसह त्यांना पोंचवावयास नगराबाहेर आली आणि किनाऱ्यावरच गुडघे टेकून सर्वांनीं प्रार्थना केली. मंदिर नव्हतें, वाळू होती.

इ. स. 303 सालीं डायोक्लेशियन बादशहानें ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला. त्या छळांत सोर येथें मिसर देशच्या कांहीं ख्रिस्ती लोकांना हिंस्र पशूंपुढें सोडण्यांत आलें. पुढें कैसरियाचे बिशप झालेले इतिहासकार युसेबियस तेथें स्वतः हजर होते. विशीच्या आंतील एक तरुण हात क्रुसाप्रमाणें पसरून प्रार्थना करीत निश्चल उभा होता. अस्वलें व चित्ते अंगावर धांवून येत व जवळ येतांच मागें फिरत, असें ते सांगतात. अखेर त्या सर्वांना तलवारीनें मारून प्रेतें समुद्रांत टाकलीं. सोरचे बिशप तिरानियोन यांनाही अंतियोखिया येथें समुद्रांतच बुडविण्यांत आलें. ख्रिस्ती लोकांना शहरांतून हांकून लावण्यास मुभा देणारा माक्सिमिन बादशहाचा हुकूम 312 सालीं सोरमध्यें धातूच्या पत्र्यावर कोरून उभारला होता. देवतांच्या कृपेनें पिकें कशीं डोलत आहेत, याचें त्यांत मोठें वर्णन होतें. लवकरच दुष्काळ व रोगराई आली, आणि 313 सालीं खुद्द माक्सिमिनही मेला.

आतां आमचें कारण. छळांत सोरचें ख्रिस्तमंदिर जमीनदोस्त झालें होतें व ती जागा शत्रूंनीं केरकचरा टाकून विटाळली होती. शांतता झाल्यावर बिशप पौलिनुस यांस दुसरी स्वच्छ जागा सहज मिळाली असती. खर्चही वांचला असता. परंतु त्यांनीं व त्यांच्या लोकांनीं जुनीच जागा धरिली, उकिरडा उपसला आणि तेथेंच पहिल्याहून मोठें मंदिर उभारलें. इ. स. 315 च्या सुमारास त्याचें समर्पण झालें. त्या प्रसंगीं युसेबियस यांनीं केलेलें प्रवचन आजही उपलब्ध असून ख्रिस्तमंदिराच्या इमारतीचें इतकें सविस्तर वर्णन त्याआधींचें कोठेंही नाहीं.

उगवतीकडे तोंड केलेला उंच दरवाजा. तो वाटसरूंच्या नजरेंत भरावा व पूर्वीची उजाड जागा त्यांस आठवावी, हा हेतु. आंत चारी बाजूंनीं खांबांच्या पडव्या असलेला चौक व हातपाय धुण्यासाठीं कारंजीं. मुख्य इमारतीला तीन दारें, मधलें मोठें, धातूच्या पत्र्यानें मढविलेलें. वर गंधसरूचें छत, खालीं संगमरवरी फरशी. मधोमध वेदी व तिच्याभोंवतीं नाजूक कोरीव लांकडी जाळी. हिरामच्या डोंगरांतलें लांकूड दुसऱ्यांदा देवाच्या घरीं लागलें, असें आमच्या मनांत आलें. प्रवचनांत बिशपांची स्तुति भरपूर आहे. पाथरवटांचीं व सुतारांचीं नांवें मात्र एकही नाहींत. ही रीत फार जुनी दिसते.

पुढचें सर्वच अभिमानास्पद नाहीं. इ. स. 335 सालीं याच सोरमध्यें बिशपांची सभा भरली आणि तिनें संत अथनासियुस यांस दोषी ठरविलें. त्या सभेंत युसेबियसही होते. 7व्या शतकांत नगरी अरबांकडे गेली. 1124 सालीं क्रूसयोद्ध्यांनीं घेतली, 1291 सालीं गमावली.

शिकंदराच्या भरावाला वाळू लागत लागत बेट केव्हांच जमिनीला जोडलें गेलें आहे. रोमन रथमैदान, खांबांच्या ओळी व थडगीं अद्याप पाहावयास मिळतात. 1984 सालीं युनेस्कोनें या अवशेषांना जागतिक वारशांत स्थान दिलें. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या लागतात, आणि मारोनाइट व मेल्काइट या दोन्ही कॅथोलिक परंपरांचे आर्चबिशप आजही सोरचें नांव लावितात.