रॅम दुप्पट, खरी आणि खोटी

१९९५ साली विंडोज ९५ आलं आणि ४ एमबी रॅमवाले पीसी धापा टाकू लागले. रॅम तेव्हा महाग. मग सिंक्रोनिस या अमेरिकन कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' बाजारात आणलं: सॉफ्टवेअर टाका, रॅम दुप्पट! लाखो प्रती खपल्या. मार्क रुसिनोविच वगैरे मंडळींनी ते उघडून पाहिलं, तर विंडोज ९५ वर ते काहीच कॉम्प्रेस करत नव्हतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर बडगा उगारला.

गंमत म्हणजे कल्पना खोटी नव्हतीच. कनेक्टिक्सचं 'रॅम डबलर' १९९४ पासून मॅकवर हे काम खरोखर करत होतं. पुढे १९९९ मध्ये पॉल विल्सन आणि सहकाऱ्यांनी युझनिक्स परिषदेत यामागचं गणित मांडलं. प्रोसेसर डिस्कपेक्षा फार झपाट्याने वेगवान होतोय, म्हणजे पान डिस्कवर टाकण्यापेक्षा दाबून रॅममध्येच ठेवणं दरवर्षी जास्त परवडणार. शिवाय मेमरीत शून्यं आणि एकमेकांच्या जवळपासचे आकडे भरपूर असतात, ते सहज दाबले जातात. फोटो-व्हिडिओ मात्र आधीच दाबलेले, तिथे फायदा नाही.

झालंही तसंच. २०१३ मध्ये मॅकच्या मॅव्हरिक्समध्ये ही सोय आली, २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये. लिनक्सचं झेडरॅम २०१४ मध्ये कर्नलमध्ये पक्कं झालं आणि २०२० च्या फेडोरा ३३ ने ते आपणहून चालू केलं. ज्या वचनाला लोक पैसे देऊन फसले, तेच आता फुकट मिळतं!

आता आपल्या कामाचं. माझ्या ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर मी झेडरॅम लावलंय. हार्ड डिस्कवरून एक पान आणायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. दाबलेलं पान सोडवायला मायक्रोसेकंद. पण हायबरनेट हवं असेल तर डिस्कवर स्वॅप ठेवावाच लागतो, कारण वीज गेली की झेडरॅम रिकामं. अशा वेळी झेडस्वॅप बरं: ते आधी रॅममध्ये दाबतं, जागा संपली की डिस्कवर पाठवतं. दोन्ही एकदम मात्र लावू नका.

आणि हो, लावल्यावर 'झेडरॅमसीटीएल' ही कमांड चालवून बघा. मूळ डेटा किती आणि दाबून किती, दोन्ही आकडे समोर येतात. सॉफ्टरॅमच्या गिऱ्हाइकांना नेमकी हीच पडताळणी करता आली नव्हती.