नातीच्या नावाचं झाड : तोडायचं की राखायचं?



घरात बाळ आलं की हल्ली नावाच्या चर्चेसोबत आणखी एक चर्चा सुरू होते. बाळाच्या नावाने झाड कोणतं लावायचं? आमच्या आजीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. परसात जागा होती, आंब्याची कोय टाकली तरी रोप यायचं. आता आम्ही हिंजवडीत अकराव्या मजल्यावर राहतो. खाली सोसायटीची बाग आहे आणि एक झाड लावायचं तरी कमिटीला विचारावं लागतं. एकच लावायचं म्हटल्यावर ते विचार करूनच निवडायला हवं.

यंदा आमच्याकडे नात झाली, तेव्हा घरात तीन मतं निघाली. एक सागाचं : "लग्नापर्यंत पैसे होतील." दुसरं आंब्याचं : "फळं तरी खाईल." तिसरं मत असं, की पंचांगात बघा, प्रत्येक नक्षत्राचा वृक्ष दिलेला असतो. रोहिणीला जांभूळ, पुष्याला पिंपळ, मघाला वड, चित्राला बेल. पण त्याच यादीत अश्विनीला कुचला आहे, ज्याच्या बिया विषारी असतात. लहान मूल खेळतं त्या बागेत तो कोण लावणार?

मी कॉमर्सची. कुठल्याही गोष्टीचा मागचा हिशोब बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. म्हणून लोकांनी बाळाच्या जन्माला आजवर कोणती झाडं लावली आणि पुढे त्या झाडांचं काय केलं, ते शोधायला बसले. ते वाचताना आपल्या मंदिरात भिंतीवर असतं ते लेश्यांचं चित्र सारखं डोळ्यांपुढे येत होतं. जांभळाचं झाड आणि सहा भुकेली माणसं. पहिला म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळं. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचू, तेवढ्यात पोट भरेल. भूक सहाही जणांची सारखीच. जन्माच्या झाडांचा इतिहास मला याच पायऱ्यांवर उभा असलेला दिसला.

पहिली पायरी जपानची. तिथे मुलगी झाली की किरी नावाचं झाड लावण्याची जुनी चाल होती. हे झाड फार झपाट्याने वाढतं. मुलगी लग्नाची होईपर्यंत तेही तयार होतं. मग ते तोडायचं आणि त्याच्या हलक्या लाकडाची कपड्यांची पेटी करून तिच्यासोबत सासरी पाठवायची. कल्पना प्रेमाचीच आहे, त्यात शंका नाही. पण बरोबरीने वाढलेल्या सवंगड्याचा शेवट आपल्या लग्नातच व्हावा, हे मला काही रुचलं नाही.

आपल्याकडचा साग याच पायरीवर येतो. नव्वदच्या दशकातल्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती अनेकींना आठवत असतील. आज थोडे हजार भरा, वीस वर्षांनी सागवानाचे लाख घ्या. अशा कितीतरी प्लांटेशन कंपन्या बुडाल्या, लोकांचे पैसे अडकले, आणि शेवटी १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम आणावे लागले. हिशोबातली मूळ चूक साधी होती. सागाचा उत्तम गाभा भरायला वीस वर्षं पुरत नाहीत, वनखातं त्याच्यासाठी कितीतरी जास्त वर्षं थांबतं. त्यात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातलासुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. मुदत नक्की नाही, रक्कम नक्की नाही आणि मोडायला परवानगी लागते, अशी ठेव मुलीच्या नावाने कोणी ठेवेल का?

तरीही शेतकरी घराची गोष्ट वेगळी आहे. आपल्या राज्याने २०१८ मध्ये कन्या वन समृद्धी योजना आणली. शेतकऱ्याच्या घरी मुलगी झाली की दहा रोपं. त्यात पाच साग, दोन आंबे आणि फणस, जांभूळ, चिंच प्रत्येकी एक. यादी नीट पाहा. निम्मी झाडं तोडून पैसे देणारी, निम्मी उभी राहून वर्षानुवर्षं फळ देणारी. बिहारमध्ये भागलपूर जिल्ह्यातल्या धरहरा गावात मुलीच्या जन्माला निदान दहा फळझाडं लावतात, त्यांत आंबा मुख्य. तिथे झाड विकायचं नसतं, फळ विकायचं असतं. चित्रातल्या पाचव्या माणसापर्यंत तरी आपण आलो.

आपल्या मारवाडी मैत्रिणींना राजसमंद जिल्हा ठाऊक असेल, तेरापंथाचा उगम झाला ते केलवा याच जिल्ह्यात. तिथल्या पिपलांत्री गावचे तेव्हाचे सरपंच श्यामसुंदर पालीवाल यांची मुलगी किरण लहान वयातच गेली. त्या दुःखातून त्यांनी प्रथा सुरू केली : गावात मुलगी जन्मली की १११ झाडं. पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला सगळ्यांत आवडला तो त्यांचा हिशोब. गावाने २१ हजार आणि वडिलांनी १० हजार घालून मुलीच्या नावे ३१ हजारांची मुदत ठेव करायची. शिवाय आईवडिलांनी लिहून द्यायचं, की मुलीचं लग्न कायद्याच्या वयाआधी करणार नाही आणि झाडं सांभाळू. म्हणजे मुलीचा पैसा बँकेत आणि झाड जमिनीत. दोन खाती वेगळी ठेवली की झाडावर कुऱ्हाड चालवायची गरजच उरत नाही.

लांब कशाला जायचं, आपल्या पुणे जिल्ह्यातच खेड तालुक्यात रानमळा गाव आहे. नव्वदच्या दशकात तिथे प्रत्येक प्रसंगाचं झाड लावायला सुरुवात झाली आणि प्रत्येकाला किती गोड नावं दिली! बाळ जन्मलं की शुभेच्छा वृक्ष, लग्न झालं की शुभमंगल वृक्ष, परीक्षेत यश आलं की आनंद वृक्ष, माणूस गेलं की स्मृती वृक्ष. आणि सासरी गेलेल्या लेकींची, ती माहेरची झाडी. हाच रानमळा पॅटर्न २०१८ मध्ये सरकारने राज्यभर उचलला. इथे झाडाकडून काही वसूल करायचं नाही. आठवण सांभाळायची आणि झाडही सांभाळायचं.

हे काही नवं शहाणपण नाही. माझं माहेर कोल्हापूरकडचं, म्हणून हा उल्लेख मला विशेष जवळचा. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्र लिहिलं. राज्यकारभार कसा करावा याचा तो ग्रंथ. त्यात आरमाराच्या भागात जहाजांच्या लाकडाचा विषय आहे. आंबा, फणस ही लाकडंही आरमाराच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावू नये, असं अमात्य बजावतात. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या मुलांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पार उरत नाही, आणि दुसऱ्याला दुःख देऊन साधलेलं काम टिकत नाही. अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच घ्यावं. जहाजाला लाकूड हवं असताना राज्य असं म्हणतं, तिथे आपण एका लग्नासाठी झाड का तोडावं?

आता आपल्या घरातल्या दोन शंका. त्या अनेकींच्या मनात असतात, पण बोलून दाखवत नाहीत.

पहिली, झाड वाळलं तर? बाळाला अपशकुन तर नाही? ही भीती आपल्याकडेच आहे असं नाही. स्वित्झर्लंडच्या आरगाउ भागात मुलगा झाला की सफरचंद आणि मुलगी झाली की नासपती लावत, आणि झाड जसं वाढेल तसं मूल वाढेल असं मानत. पण आपलं कर्मशास्त्र इथे स्पष्ट आहे. झाड हा वेगळा जीव, बाळ हा वेगळा जीव, आणि प्रत्येकाचं आयुष्यकर्म आपापलं. रोप जगलं नाही तर वाईट वाटेल, वाटायलाच हवं, कारण एक जीव गेला. पण त्याचा बाळाशी संबंध जोडून सुनेच्या मनाला घोर लावू नका. बाळंतिणीला आधीच काळज्या कमी नसतात.

दुसरी शंका, खड्डा खणणं, पाणी घालणं यातही पृथ्वीकाय, अप्काय जीवांची हिंसा होतेच ना? होते. म्हणूनच मुनिराज हे करत नाहीत. पण श्रावकाच्या संसारात आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, ती कमी करायची आणि जाणून करायची. शास्त्राने श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत कोळसा पाडण्याचं अंगारकर्म आणि झाडं तोडून पोट भरण्याचं वनकर्म आहे. त्यामुळे कुऱ्हाडीच्या हिशोबाने झाड लावणं आपल्या धर्मात बसतच नाही. खड्डा उन्हाळ्यातच, माती कोरडी असताना घेऊन ठेवावा आणि पहिल्या पावसानंतर, चातुर्मास बसण्याआधी रोप लावून टाकावं. पुन्हा पुन्हा खणावं लागत नाही.

मग झाड कोणतं? मी आपल्या तीर्थंकरांच्या केवलवृक्षांची यादी घेतली. दिगंबर आणि श्वेतांबर याद्यांत काही नावं वेगळी आहेत, म्हणून दोन्हीकडे सारखी असलेलीच पाहिली. आदिनाथांचा वड आणि अनंतनाथांचा पिंपळ, दोन्ही थोर, पण सोसायटीच्या भिंतीजवळ यांची मुळं आवरत नाहीत. (यांची फळं आपण उदुंबर म्हणून खात नाही, पण झाड पूज्य मानतो, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.) अजितनाथांची सप्तपर्णी पुण्यात खूप लावली आहे, पण दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा उग्र वास अनेकांना सोसत नाही. महावीर स्वामींचा शाल मध्य आणि पूर्व भारताचा, पुण्याच्या हवेत रमणारा नाही. अरनाथांचा आंबा ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी जरूर लावावा. मल्लीनाथांचा अशोक फार सुंदर. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत घराजवळ आधी लावायच्या मंगल झाडांत अशोक आणि शिरीष सांगितले आहेत. फक्त नर्सरीत नीट विचारा. सोसायट्यांच्या कडेने खांबासारखा उंच उभा असतो तो हा अशोक नव्हे. आपला सीतेचा अशोक बुटका, गर्द, केशरी गुच्छांचा. बायकांच्या औषधासाठी साल सोलून सोलून तो रानात कमी झाला आहे, आणि लहानपणी त्याला सावली नि भरपूर पाणी लागतं. मुनिसुव्रतांचा चाफा इथे छान येतो, पण त्याचं फूल लोक फांदीवरून खुडतात.

उरली नमिनाथांची बकुळ. माझं मत तिच्यावर पक्कं झालं. ती बारमाही हिरवी, सावली दाट. वाढायला सावकाश, पण जगते पिढ्यान् पिढ्या. शेंदरी फळं पाखरं खातात. आणि मुख्य म्हणजे बकुळीचं फूल कोणी तोडत नाही. ते आपणहून गळतं, सकाळी वेचायचं, सुकलं तरी वास राहतो. चित्रातल्या सहाव्या माणसाने लावावं असंच हे झाड. नातीला शुक्ल लेश्या समजावून सांगायला वेगळं पुस्तक लागणार नाही.

लावणार असाल तर तीन गोष्टी पाहा. हिंजवडी-वाकडच्या नव्या सोसायट्यांत पुष्कळ बागा पार्किंगच्या स्लॅबवर असतात. वर हिरवळ दिसते, पण खाली दोन-चार फूटच माती. तिथे झुडूप जगेल, वृक्ष नाही. म्हणून मूळ जमीन कुठे आहे ते बिल्डिंगच्या नकाशावर विचारून घ्या. दुसरं अंतर. वराहमिहिर दोन झाडांत वीस हात उत्तम, सोळा मध्यम आणि निदान बारा हात सांगतो. बारा हात म्हणजे अठरा फूट, एवढं तरी सोडा. तिसरं म्हणजे पाणी. पहिले दोन-तीन उन्हाळे बाळासारखंच त्याच्याकडेही रोज बघावं लागतं.

आणि लावल्याची तारीख लिहून ठेवा. सोसायटीच्या मिटिंगच्या वहीत नोंद करून घ्या, एक प्रत बाळाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवा. राज्याच्या शहरी भागासाठी झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानून जास्त संरक्षण मिळालं. जुन्या झाडांचं वय अंदाजाने काढावं लागतं. जन्माच्या झाडाचं वय मात्र बाळाच्या वयाएवढं, पुराव्यासकट. हिंजवडी वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीतच राहिली, पण पन्नास वर्षांत ती कुठे असेल कोण जाणे. त्या वेळी रस्ता रुंद करायला कोणी आलं, तर दाखवायला कागद हवा. तो आजच तयार करायला एक ओळ पुरते.

जय जिनेंद्र.