महापेचं 'नेत्र'

डोंबिवलीहून शिळफाट्यामार्गे रोज महापे गाठणाऱ्या मंडळींनो, 'आयडियाफोर्ज' तिथल्याच एमआयडीसीत आहे. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ साली ही कंपनी काढली. डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर त्यांनी 'नेत्र' हे जेमतेम दीड किलोचं टेहळणी ड्रोन बनवलं. २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये उडालेलं यंत्रही त्यांचंच!

आता गंमत बघा. पंखे चार, पण हालचाली सहा: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. दोन पंखे उजवे, दोन डावे फिरतात, म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही. तरी वाऱ्याची झुळूक आली की तोल जातो. मग क्षणाक्षणाला पंख्यांचा वेग बदलत राहावा लागतो. म्हणूनच असं यंत्र आधी कॉम्प्युटरवर उभं करतात. वजन, मोटरचा जोर, वारा समीकरणांत मांडला की ते हजार वेळा आपटलं तरी काही तुटत नाही.

जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या महापुरात अडकलेली माणसं शोधायला एनडीआरएफने 'नेत्र' उडवलं. तिथे 'परत रन करून बघू' चालत नाही. मॉडेलमध्ये धरायचा राहिलेला वारा तिथे दरीत भेटतो.