आठवा सर्व्हर : नाइट कॅपिटलची ४५ मिनिटे

१ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकर कंपनीने पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम घालवली. अमेरिकेतील नोंदणीकृत शेअरांच्या एकूण उलाढालीपैकी सुमारे १० टक्के व्यवहार तेव्हा या कंपनीमार्फत होत. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, पुढे चौकशी करून आदेश काढला. त्यातून उभा राहणारा हा घटनाक्रम सॉफ्टवेअर अद्ययावत करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा.

२००३
ग्राहकांच्या ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या नाइटच्या प्रणालीचे नाव स्मार्स. तिच्यातील ‘पॉवर पेग’ ही सुविधा कंपनीने वापरातून काढली. तिचा कोड मात्र सर्व्हरवर तसाच ठेवला.

२००५
मोठी ऑर्डर आली की स्मार्स तिचे तुकडे करून बाजारात पाठवत असे. किती शेअर मिळाले याची मोजणी चालू असे आणि मूळ मागणी पुरी झाली की पाठवणे थांबे. या वर्षी ती मोजणी कोडमध्ये आधीच्या टप्प्यावर हलवण्यात आली. त्यामुळे पॉवर पेगला थांबायचे कधी, हे कळण्याचा मार्गच बंद झाला. पण ती सुविधा वापरात नव्हती, म्हणून कोणी पुन्हा चाचणी घेतली नाही.

जुलै २०१२
न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना १ ऑगस्टपासून सुरू होणार होती. नाइटने तिच्यासाठी नवा कोड लिहिला. तो पॉवर पेगच्या जागी बसणार होता आणि चालू करण्यासाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग (ऑर्डरीवरची चालू-बंदची खूण) वापरणार होता. म्हणजे तोच फ्लॅग नव्या कोडला एक हुकूम देणार आणि जुन्याला भलताच.

२७ जुलैपासून
नवा कोड टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर चढवायला सुरुवात झाली. सर्व्हर होते आठ. एका तंत्रज्ञाकडून आठव्यावर कोड कॉपी करायचा राहून गेला. दुसऱ्या कोणी ते तपासावे, असा लेखी नियम कंपनीत नव्हता. आठही ठिकाणी एकच कोड आहे ना, हे कोणी पडताळले नाही.

१ ऑगस्ट, सकाळी सुमारे ८:०१
नव्या योजनेत बसणाऱ्या ऑर्डर येऊ लागल्या. कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेतून कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ई-मेल जाऊ लागले. त्यांत स्मार्सचा उल्लेख होता आणि ‘पॉवर पेग डिसेबल्ड’ अशी त्रुटी नोंदलेली होती. ९ वर्षांपूर्वी बंद केलेल्या सुविधेचे नाव त्या सकाळी पडद्यावर स्पष्ट दिसत होते. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ई-मेल गेले. हे ई-मेल धोक्याचा इशारा म्हणून योजलेले नव्हते, म्हणून ते वाचण्याचीही पद्धत नव्हती. हाताशी अजून दीड तास होता.

९:३०
बाजार उघडला. भारतात तेव्हा संध्याकाळचे ७ वाजले होते. सात सर्व्हरांनी नव्या ऑर्डर बिनचूक हाताळल्या. आठव्यावर फ्लॅगने पॉवर पेग जागे केले. मागणी पुरी झाली तरी मोजणी त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून ते ऑर्डर पाठवतच राहिले.

९:३० ते १०:१५
ऑर्डरींचा पूर आला आहे हे दिसत होते, पण तो कुठून येतो हे सापडत नव्हते. नव्या कोडवर संशय जाणे साहजिक होते. दुरुस्तीच्या धडपडीत तो कोड सातही सर्व्हरवरून काढण्यात आला आणि तिथला जुना कोड परत आला. येणाऱ्या ऑर्डरींवर फ्लॅग मात्र तसाच होता. आता त्या सात सर्व्हरांवरही पॉवर पेग धावू लागले.

सुमारे १०:१५
किरकोळ ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींपोटी ४० लाखांहून अधिक सौदे झाले होते. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर हातापालट झाले. नाइटच्या गळ्यात सुमारे ३५० कोटी डॉलरची नको असलेली खरेदी पडली आणि सुमारे ३१५ कोटी डॉलरची नको असलेली विक्री.

त्यानंतर
दोन दिवसांत कंपनीच्या शेअरची सुमारे तीन चतुर्थांश किंमत गेली. त्याच आठवड्याअखेरीस गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर घालून तिला तगवले. जुलै २०१३ मध्ये ती गेटको या कंपनीत विलीन झाली आणि ऑक्टोबरमध्ये एसईसीने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला.

साधन निवडताना
पुण्या-मुंबईतून परदेशी ग्राहकांचे ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करणाऱ्यांचे काम याच जातीचे: जुन्या कोडच्या जागी नवा बसवण्याचे. विक्रेता नवी आवृत्ती देतो. ग्राहकाने जुन्या आवृत्तीत वर्षानुवर्षे केलेले फेरफार तिच्यात मिसळायचे असतात. दोन फायली शेजारी ठेवणारे साधे टूल फरक दाखवते, पण तो फरक विक्रेत्याने केला की आपण, हे सांगत नाही. त्यासाठी तिहेरी तुलना हवी: मूळ आवृत्ती, आपली बदललेली आणि विक्रेत्याची नवी. ज्या ओळी दोघांनीही बदलल्या, तिथे टूलने थांबून माणसाला विचारले पाहिजे.

तेवढ्याने भागत नाही. मर्ज टूल, म्हणजे आवृत्त्या मिसळणारे साधन, अक्षरे जुळवते. त्यांमागचा अर्थ त्याला दिसत नाही. एकाच फ्लॅगचे दोन अर्थ झाले, तर ओळी बिनतक्रार जुळतात आणि घोटाळा चालू प्रणालीत उघड होतो. म्हणून मृत कोड आधी काढावा, जुना फ्लॅग नव्या कामाला जुंपू नये आणि मिसळणीनंतर फेरफारांची चाचणी नव्याने घ्यावी. कोड चढवण्याचे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. प्रत्येक सर्व्हरवरच्या फायलींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आपोआप जुळला पाहिजे. मागे फिरण्याची तयारी ठेवताना कोडबरोबर सेटिंगही मागे नेली पाहिजे आणि सगळे एका हुकुमासरशी थांबवता आले पाहिजे.

टूल विकणाऱ्याच्या सादरीकरणात कोड चढवणारे प्रत्येक टूल सुरेख चालते. खरी परीक्षा आपण घ्यावी. चाचणीच्या वातावरणात एक सर्व्हर मुद्दाम जुना ठेवावा आणि कोणाला सांगू नये. टूलने तो हुडकून पुढचे काम अडवले, तरच पैसे मोजावेत.